कुलूप नवं, किल्ली जुनीच

तुम्ही कधी कुणावर खोटा आळ घेतलाय? मी घेतलाय. तोही माझ्या आठवीतल्या पुतणीवर. आणि कशावरून? तर एका पासवर्डवरून! ऐका तर मग.

आमचं गाव राहनाळ, भिवंडी तालुक्यातलं. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. पण आमच्या बाजूला आता जिकडे पाहावं तिकडे गोदामं. मी अशाच एका गोदामासाठी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. माल किती आला, किती गेला, कुठल्या फळीवर ठेवला, याचा हिशेब ते प्रोग्राम ठेवतात.

आता प्रोग्राम लिहिणारे आम्ही चौघे. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या हातून पुसली गेली तर? म्हणून आम्ही ‘गिट’ वापरतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते तयार केलं. समजा, वर्गातल्या चौघांनी मिळून एक हस्तलिखित काढलं, आणि कुणी, कधी, कुठली ओळ बदलली याची नोंद एका जादूच्या वहीत आपोआप राहिली, तर कसं होईल? चूक झाली की पानं मागे उलटून जुना मजकूर परत आणायचा! गिट म्हणजे अशी वही. ती वही ऑफिसच्या मोठ्या संगणकावर असते आणि तिथे काही पाठवायचं तर नाव आणि पासवर्ड सांगावा लागतो.

पासवर्डची कल्पना तशी जुनी. १९६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीत एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागले. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. आणि गंमत म्हणजे, १९६६ साली एका गोंधळात सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांच्याच पडद्यावर झळकले होते!

तर एका सोमवारी रात्री मी माझा पासवर्ड बदलला. कारण? जुना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला होता आणि पुतणीने तो वाचला होता. मंगळवारी सकाळी काम पाठवायला गेलो. संगणकाने पासवर्ड विचारला. नवा दिला. उत्तर आलं, ‘ओळख पटली नाही’. पुन्हा दिला. तेच! एकेक अक्षर बोटाने दाबून पाहिलं. तरी तेच!

ऑफिसात फोन केला. तिथले दादा म्हणाले, “तुमचं खातं बंद झालंय. पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की ते आपोआप बंद होतं. रात्री अकरापासून कुणीतरी दर पाच मिनिटांनी जुना पासवर्ड टाकतंय. थांबा, उघडून देतो.”

त्यांनी खातं उघडलं. माझी दुरुस्ती तपासायला अर्धा तास गेला. पाठवायला गेलो, तर खातं पुन्हा बंद! संध्याकाळी गाड्या भरायच्या होत्या आणि दुरुस्ती पोचली नसती तर मालाची मोजणी चुकणार होती. डोकं तापलं. जुना पासवर्ड माझ्याखेरीज कुणाला माहीत? एकटीलाच!

दुपारी ती शाळेतून आली. दप्तर खाली ठेवायच्या आधीच मी ओरडलो, “माझ्या खात्याशी खेळलीस ना?”

तिचे डोळे भरून आले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं. पुतणीने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, “काका, दर पाच मिनिटांनी? रात्रभर? आणि मी शाळेत होते तेव्हासुद्धा?”

“हो.”

“मग तो माणूस कसा असेल? माणूस घड्याळ लावून चुकतो का? आणि ते येतंय कुठून, हे विचारलंत का तुम्ही?”

मी गप्प. खरंच, विचारलंच नव्हतं! पुन्हा फोन लावला. उत्तर आलं, “आपल्याच गोदामातून.”

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोदामात एक जुना संगणक आहे. दर पाच मिनिटांनी वहीत काही नवं आलंय का, हे तो पाहतो. दोन वर्षांपूर्वी मीच माझं नाव आणि पासवर्ड त्याच्या फायलीत लिहून ठेवला होता. आणि विसरलो! कुलूप मी बदललं, पण तो बिचारा जुनीच किल्ली फिरवत बसला होता. त्याच्या चुकांनी खातं बंद होई, म्हणून माझी खरी किल्लीही लागत नव्हती.

सायकल काढली, गोदाम गाठलं. फायलीतून माझा पासवर्ड काढला. त्या संगणकाला ‘टोकन’ दिलं, म्हणजे त्याची स्वतंत्र किल्ली. तिने वही वाचता येते, लिहिता येत नाही, आणि हवी तेव्हा ती रद्दही करता येते. गिटहबनेसुद्धा १३ ऑगस्ट २०२१ पासून अशा कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. तिथेही टोकन किंवा तशीच दुसरी किल्ली लागते. मग खातं उघडून घेतलं आणि गाड्या लागायच्या आत काम पोचलं.

तुमच्या घरी वाय-फायचा पासवर्ड बदलला की टीव्ही, आजोबांचा फोन जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत बसतात की नाही? म्हणून पासवर्ड बदलण्याआधी एक यादी करा : तो कुठे कुठे साठवलाय? बदलल्यावर नवा लागला नाही, तर पुन्हापुन्हा टाकत बसू नका. आधी विचारा : जुना कोण वापरतंय, कुठून, किती वेळाने?

संध्याकाळी घरी आलो. पुतणी अभ्यास करत होती. सगळ्यांसमोर आळ घेतला होता, म्हणून सगळ्यांसमोरच म्हटलं, “माझं चुकलं, बाळा.”

ती म्हणाली, “ठीक आहे काका. पण ती टेबलावरची चिठ्ठी आधी फाडा. नवा पासवर्डही तुम्ही तिच्यावरच लिहिलाय!”