इमारतींची बाजू मांडताना

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मी मेंटेनन्स सांभाळतो. बॉयलर, जमिनीखालच्या वाफेच्या लाइन, चिलर, छपरं, लिफ्ट. पुण्यात मेकॅनिकल केलेलं, त्यामुळे यंत्रांचं दडपण कधी आलं नाही. यायचं ते बजेटच्या मीटिंगचं. ‘छप्पर गळतंय, बदलायला हवं’ याच्या पुढे मला सांगता यायचं नाही, आणि वित्त विभाग पुढच्या वर्षी बघू म्हणायचा.

तेव्हाच्या माझ्या बॉसने मला ‘अ‍ॅपा’च्या प्रशिक्षणाला पाठवलं. विद्यापीठांच्या इमारती आणि आवार सांभाळणाऱ्यांची ही संघटना १९१४ सालची. तिथे मला इमारतीची प्रकृती आकड्यात मांडायची रीत कळली: रखडलेल्या दुरुस्त्यांचा खर्च भागिले तीच इमारत आज नव्याने उभारायचा खर्च. समजा, दोन कोटी डॉलरची इमारत आणि तीस लाखांच्या दुरुस्त्या, म्हणजे १५ टक्के. दहाच्या वर गेलं की अवस्था वाईट धरतात. पुढच्या मीटिंगला मी सगळ्या इमारतींची अशी यादी घेऊन गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा वित्त विभागाने मला उलट प्रश्न विचारले आणि चर्चा लांबली.

सफाईचंही तसंच. अ‍ॅपाच्या मोजपट्टीत स्वच्छतेच्या पाच पातळ्या आहेत. पहिली लखलखीत, पाचवी म्हणजे उघड हेळसांड. आमच्या सफाई सुपरवायझरबरोबर मी वर्गावर्गांतून फिरलो. जिन्याच्या कोपऱ्यातली धूळ, दिव्याच्या काचेत मरून पडलेल्या माश्या, बेसिनच्या नळाची चकाकी, कचऱ्याच्या डब्याचा वास, एकेक बघत सुपरवायझर पातळी लिहीत गेली. पूर्वी माणसं कमी करायची आणि वर्ग घाण दिसले की उरलेल्यांनाच बोल लावायचे, असं सर्रास चालायचं. ते मला फार लागायचं. आता कपातीआधीच सांगता येतं की इतक्या माणसांत तिसरी पातळीच मिळेल. दुसरी हवी असेल तर माणसं द्या.

अ‍ॅपाचं परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्रही मी घेतलं. बढतीच्या वेळी त्याचा उपयोग झाला. पण खरी कमाई माणसांची. कडाक्याच्या थंडीत हॉस्टेलचा हीट एक्स्चेंजर गेला, तेव्हा शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने रात्री फोनवर बसून तात्पुरत्या जोडणीचा मार्ग काढून दिला. त्यांची-माझी ओळख अ‍ॅपाच्या परिषदेतल्या चहाच्या वेळेची. सहसंचालकपदाची जागा निघाली तेव्हा ‘अर्ज कर’ म्हणून माझ्या मागे लागले तेही तेच.

काटकसर आली की पहिली कात्री सभासदत्वावर आणि प्रवासावर चालते. मी त्याला दरवर्षी विरोध करतो. आणि अशा परिषदांना फक्त साहेबांनी जावं, हेही मला पटत नाही. यंदा प्रादेशिक परिषदेला माझ्याऐवजी ती सफाई सुपरवायझर आणि आमचा लॉकस्मिथ जाणार आहेत.