'छावा' कुणाचा?

'मृत्युंजय' म्हटलं की खरं तर महादेव आठवायला हवा. पण १९६७ साली शिवाजी सावंतांची कादंबरी आली आणि मराठी माणसाला महादेवाआधी कर्ण आठवू लागला. नाव द्यावं तर सावंतांनी! १९७९ साली त्यांनी संभाजीराजांवरच्या जाडजूड कादंबरीला 'छावा' म्हटलं, आणि तेही नाव राजांना असं चिकटलं, की ते एका कादंबरीकारानं रूढ केलं हे आता सांगावं लागतं.

त्याआधी जुन्या नाटकांनी राजांना व्यसनी, उच्छृंखल ठरवून टाकलं होतं. वा. सी. बेंद्र्यांनी १९६० साली चरित्र लिहून ते सगळं कागदपत्रांनिशी खोडलं. पण बेंद्रे वाचणार किती जण? वाचनालयातल्या, पुठ्ठा निसटलेल्या, पानांना तेलकट बोटं लागलेल्या 'छावा'नं ते काम केलं.

मग नाव पुस्तकातून उठून रस्त्यावर आलं. रिक्षाच्या पाठीवर, बुलेटच्या टाकीवर, संघटनेच्या पाटीवर. २०२५च्या फेब्रुवारीत लक्ष्मण उतेकरांचा हिंदी सिनेमा आला आणि कादंबरी कधी न उघडलेली माणसंही थिएटरात हमसून रडली. त्या रडण्याला मी हसणार नाही. बेंद्र्यांच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

हसू येतं ते चौकातल्या फ्लेक्सचं. चार वर्षांचं पोर, डोळ्यांवर गॉगल, मागे जबडा वासलेला सिंह, खाली शेंदरी अक्षरांत 'दादांचा छावा', आणि तळाशी शुभेच्छुकांच्या फोटोंची दाटी. दादा म्हणजे नगरसेवक. थोडं मोठं झालं की हेच पोर युवा नेतृत्व होणार.

राजांनी जवळजवळ नऊ वर्षं राज्य राखलं, तेही औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरलेला असताना. १६८९मध्ये त्यांना ठार केलं तेव्हा वयाची बत्तीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एवढं करूनही नावात ते मुलगेच राहिले, थोरल्या महाराजांचे. सावंतांना त्यात बापलेकाची माया दिसली असेल. फ्लेक्सवाल्यांनी तेवढंच नेमकं उचललं: बाप कोण, ते ठळक अक्षरांत. संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा राजा त्यांच्या काही कामाचा नाही. ग्रंथ लिहून कुणाला वॉर्डाचं तिकीट मिळालंय?