अण्णांची अठ्ठावन्न

लेन्सच्या पुढच्या कड्यावर एक लांबलचक क्रमांक कोरलेला आहे. त्यातले पहिले दोन अंक ७ आणि ८. सोव्हिएत कारखान्यांच्या रिवाजाप्रमाणे हे जन्मसाल, म्हणजे १९७८. शेजारी लोलकाची खूण आणि त्यातून आरपार गेलेला बाण. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याचं हे चिन्ह. नाव हेलिओस-४४-२, फोकल लांबी ५८ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर २. घरात मात्र हे सगळं कुणी म्हणत नाही. घरात ती ‘अण्णांची अठ्ठावन्न’.

अण्णा अकोले तालुक्यात, राजूरला चित्रकलेचे शिक्षक होते. १९८१ च्या दिवाळीत मुंबईला गेले आणि फोर्टातल्या एका दुकानातून झेनिट-ई कॅमेरा घेऊन आले. दुसऱ्याच्या हातचा, तरी त्यात दीड महिन्याचा पगार गेला. त्या काळी जपानी कॅमेरा जकातीमुळे शिक्षकाच्या आवाक्यात नव्हता. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री बऱ्याच घरांत असे, पण त्याची लेन्स बदलता येत नसे. सोव्हिएत संघाशी आपला व्यापार रुपयांत चाले, त्यामुळे झेनिट मिळायचा आणि परवडायचा. जगभर तीस लाखांहून जास्त झेनिट-ई बनले. त्यातला एक राजूरच्या एका भिंतीतल्या कपाटात येऊन बसला.

मुलगा तेव्हा सात वर्षांचा. कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण लेन्स काढून बघायला मिळायची. एम-४२ जातीची ती लेन्स आट्यांवर बसते, बाटलीच्या झाकणासारखी फिरवली की हातात येते. अण्णा ती उलटी धरून त्याच्या डोळ्याशी न्यायचे आणि खाली उंबऱ्यावर चाललेली मुंगी दाखवायचे. मुंगीच्या पायांवरचे केस दिसायचे. एकच ताकीद असे, “काचेला बोट लावायचं नाही.”

लग्नात फोटो काढताना अण्णांची बोटं दोन कड्यांवर चालत. एक कडं अ‍ॅपर्चर ठरवणारं, दुसरं ते उघडबंद करणारं. आधी आकडा ठरवायचा, मग पूर्ण उघडून स्पष्ट फोकस करायचा, मग बटण दाबायच्या आत दुसरं कडं फिरवून आठ पात्यांचं भोक ठरल्या आकड्याला आणायचं. हे विसरलं की फोटो पांढराफटक. अण्णा विसरत नसत. अंतरपाट खाली आला की टाळ्या आणि सनईच्या गोंगाटातही ते कडं फिरल्याची बारीक करकर मुलाला ऐकू यायची.

या लेन्सचं मूळ जर्मनीचं. येना इथल्या झाइस कारखान्यात विली मेर्टे यांनी १९२७ मध्ये बायोटार नावाची रचना केली. १९३० च्या दशकात तिचा ५८ मिलिमीटरचा अवतार आला. दुसऱ्या महायुद्धानंतर येना सोव्हिएत ताब्यात गेलं, आणि ती रचना क्रास्नोगोर्स्कला पोचून हेलिओस झाली. सहा भिंगं, चार गटांत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर मधला चेहरा स्पष्ट येतो आणि मागची पानं त्याच्याभोवती भोवऱ्यासारखी फिरतात. याचं कारण साधं आहे. कडेनं येणाऱ्या तिरक्या किरणांना लेन्सची नळीच थोडी आडवी येते, म्हणून कडेचे प्रकाशाचे ठिपके गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात. ते सगळे मध्याभोवती ओळीनं लागले की भोवरा दिसतो. शास्त्राच्या हिशेबात हा दोष. नवीन लेन्समध्ये तो संगणकावर आकडेमोड करून काढून टाकतात. ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाचे छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी मात्र मुद्दाम जुन्या सोव्हिएत लेन्स नव्या कवचात बसवून घेऊन वापरल्या. राजूरच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली आईचा जो फोटो अण्णांनी काढला, त्यात तोच भोवरा आहे. त्या फोटोपुढे दोष हा शब्द टिकत नाही.

पण राजूर म्हणजे पाऊस. नगर जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा, आणि एकाच जिल्ह्यात दोन हवामानं नांदतात. पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे दुष्काळाची धास्ती, तर पश्चिमेला घाटघर-भंडारदऱ्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत. दमट हवा, अंधार आणि चामड्याची केस ही बुरशीला हवी तशी जागा. अण्णा केसमध्ये डांबरगोळ्या ठेवत. डांबरगोळीनं कसर पळते, बुरशी नाही. १९९० नंतर रंगीत फिल्मच्या मशीन आल्या, लग्नाला व्हिडिओवाले आले आणि झेनिट कपाटातून निघेनासा झाला. २००३ मध्ये अण्णा गेले. त्यानंतर पाच पावसाळे कुणी केस उघडली नाही.

तोवर मुलगा नगरला स्थायिक झाला होता. सावेडीत घर, नागापूरच्या एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीचं काम. दिवसभर हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. २००८ च्या मे महिन्यात राजूरचं घर आवरताना त्यानं केस उघडली. लेन्स खिडकीकडे धरून आत पाहिलं. मागच्या भिंगावर कोळ्याचं जाळं पसरावं तसे पांढरे धागे होते, मधून फुटलेले, कडेपर्यंत गेलेले. फोकसचं कडं हलेना. आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं. पात्यांवर तेलाचा ओघळ.

भंगारवाल्यानं कॅमेऱ्यासकट पन्नास रुपये सांगितले. मुलानं लेन्स खिशात घातली.

पहिल्यांदा ती उघडली तेव्हा त्यानं एक चूक केली. हेलिओसचा फोकस ज्या दुहेरी नळीवर चालतो, तिचे आटे अनेक मुखांचे असतात. नळी सुटताना कुठल्या मुखातून सुटली याची खूण केली नाही, तर परत बसवताना ती चुकीच्या मुखात जाते आणि दूरचं काही स्पष्ट होत नाही. त्यानं खूण केली नव्हती. पूर्ण दोन रविवार एकेक मुख लावून पाहण्यात गेले. तेव्हापासून तो सुटणाऱ्या प्रत्येक जोडावर आधी टाचणीनं रेघ मारतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि मगच फिरवतो. कारखान्यात नव्या मुलांनाही तो हेच सांगतो.

भिंग धरून ठेवणारी कडी काढायला खास पाना मिळतो. त्याच्याकडे तो नव्हता, कंपासपेटीतलं कर्कटक होतं. दोन्ही टोकं कानशीनं थोडी बोथट केली, कड्याच्या दोन खाचांत बसवली आणि हळू फिरवलं. कडं सुटलं. बुरशीवर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडासा अमोनिया, कापसाच्या बोळ्यानं, मधून कडेकडे गोल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पांढरे धागे निघाले. मात्र एका जागी, घड्याळात चार वाजतात त्या बाजूला, फिकट नक्षी राहिली. बुरशी आम्ल सोडते आणि त्यानं काचेवरचा लेप कोरला जातो. तो परत येत नाही. ती नक्षी आजही आहे. उजेड तिरका पडला की दिसते, फोटोत येत नाही.

आता लेन्स तयार होती, पण लावायची कशाला? त्यानं निकॉनचा डिजिटल कॅमेरा घेतला होता. एम-४२ चं कडं निकॉनवर बसवणारा अडॅप्टर आणला, लेन्स चढवली, गच्चीवर गेला आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली. टाकी धूसरच राहिली. कारण शोधायला त्याला एमआयडीसीतली वहीच पुरली. एम-४२ ची लेन्स संवेदकापासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायला हवी. निकॉनच्या कॅमेऱ्याचं तोंडच ४६.५ मिलिमीटरवर. फरक १.०४ मिलिमीटर, म्हणजे लेन्स तेवढी पुढे राहते. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले १.०४. उत्तर ३२३५ मिलिमीटर. सव्वातीन मीटरपलीकडचं काहीही स्पष्ट होणार नाही, आणि अडॅप्टरची स्वतःची जाडी धरली तर अंतर आणखी कमी. एका मिलिमीटरनं सगळं क्षितिज गेलं. मध्ये जादा भिंग असलेले अडॅप्टर मिळतात, पण अण्णांच्या सहा भिंगांत सातवं परकं भिंग घालायला त्याचं मन तयार झालं नाही. काही वर्षं तो त्या लेन्सनं फक्त जवळचं टिपत राहिला : तुळशीची मंजिरी, ज्वारीच्या कणसावरचं दव, आईचे हात.

आरशाविना कॅमेरे आले आणि गणित उलटलं. या कॅमेऱ्यांत मधला आरसा नाही, त्यामुळे लेन्सच्या तोंडापासून संवेदक अगदी जवळ. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर फक्त १८ मिलिमीटर. ४५.४६ मधून १८ गेले की २७.४६ उरतात. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी लावली की झालं, आत काच नको. जुन्या लेन्स जगभर कपाटांतून बाहेर निघाल्या त्या या रिकाम्या जागेमुळे. त्यानं एक जुना सोनी घेतला आणि एक स्वस्त अडॅप्टर. व्हर्निअर लावला तर नळी थोडी आखूड भरली. बनवणारे ती मुद्दाम आखूड ठेवतात, म्हणजे अनंतावरचा फोकस हमखास मिळतो, पण कड्यावरचे अंतराचे आकडे खोटे पडतात. त्याला ते खपेना. ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळी पत्र्याची पातळ शिम कापून घेतली आणि मध्ये घातली.

त्या लेथवाल्याचं वर्कशॉप पाहण्यासारखं आहे. ज्या गावात कायनेटिकची लुना बनली, तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा कळणारे हात दोन पिढ्या तयार झाले. तिथल्या मिस्त्रींनी पुढे त्याला आट्यांची कडीही करून दिली, ४२ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच. महाराष्ट्राला हे काम नवं नाही. कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः जुळवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो चालता केला, आणि पुढे १९२० चा ‘सैरंध्री’ आला. त्यांच्यापुढे ही पितळी शिम अगदी लहान गोष्ट, पण जात तीच.

हळूहळू लोक आपापल्या लेन्स घेऊन येऊ लागले. एकानं पुण्याच्या जुन्या बाजारातून सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर आणली, अ‍ॅपर्चर १.४, सात भिंगांची आवृत्ती. आतून पाहिलं तर चहासारखी पिवळी. ही बुरशी नव्हे. त्या काळी काही भिंगांच्या काचेत थोरियम घालत, त्यानं काचेची वक्रीकरणाची ताकद वाढे. थोरियम सौम्य किरणोत्सारी असतं आणि वर्षानुवर्षांनी काच पिवळी करतं. अतिनील किरण मिळाले की पिवळेपणा उतरतो. नगरचं ऊन त्यासाठी आयतं. मुलानं मार्चमध्ये रोज सकाळी दोन तास लेन्स अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर गच्चीत ठेवली, जवळ बसून. भरदुपारी नाही, कारण तापली की ग्रीस वितळून पात्यांवर येतं. आणि राखण ठेवूनच, कारण ते भिंग आहे, कागद पेटवू शकतं. काही आठवड्यांत काच निवळली. अशी काच घासू नये, फोडू नये, एवढी काळजी मात्र घ्यायलाच हवी.

अण्णांची अठ्ठावन्न आता त्याच्या मुलीकडे असते. सोनीच्या लहान संवेदकावर ती ८७ मिलिमीटरसारखी वागते, चेहऱ्यांसाठी नेमकी. मागच्या हिवाळ्यात ती दोघं आजीला घेऊन रतनवाडीला गेली. अमृतेश्वराच्या देवळापुढच्या झाडाखाली तिला बसवलं. मुलीनं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं. काचेला बोट लागू नये म्हणून तिनं लेन्स नेमकी अण्णांसारखी, खालून तळहातावर पेलून धरली होती. तिनं अण्णांना पाहिलेलं नाही.

फोटोत आजीच्या मागे पानं फिरतात.

तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या फळीवर एखादा झेनिट, याशिका, क्लिक थ्री असेल. भंगारात द्यायच्या आधी एवढं करा. लेन्स निघत असेल तर काढा, नसेल तर मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर ठेवून दाबून धरा आणि मोबाइलची बॅटरी आरपार पाडा. पांढरे धागे दिसले तर ती बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा आणि लवकर साफ करून घ्या. धागे नसतील तर चामडी केस बाजूला टाका, लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. अकोले-भंडारदऱ्याकडच्या लोकांनी हे मृग लागायच्या आत करावं.