धोतराचं भूत

कैरीच्या लोणच्याची बरणी मी ह्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळून नेली होती. पूजेचं धोतर, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. ह्यांच्यामागे ते नेसणारं कुणी नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. बरणी न्यू जर्सीला लेकीकडे सुखरूप पोचली. धोतराच्या एका कोपऱ्याला मात्र तेल लागलं. तीनदा धुतलं तरी हिंगाचा वास जाईना. मी ते घडी करून कपाटात ठेवलं आणि विसरून गेले. ही 2024 च्या सप्टेंबरातली गोष्ट.

ऑक्टोबर लागला तशी गल्लीतल्या सभ्य घरांना काहीतरी झालं. कालपर्यंत जिथे फक्त हिरवळ होती तिथे थडगी उगवली. मातीतून हाडांचा हात वर आला. एका घराने तर झुडपांवर कोळिष्टकं पांघरली होती, चांगली विकत आणून. आपण जळमटं काढतो तेव्हा सण येतो, इथे लावतात तेव्हा. सहा वर्षांचा नातू मला एकेका सांगाड्याची ओळख करून देत चालायचा, गावातली नातेवाईक मंडळी दाखवावीत तशी. साडेतीन वर्षांची नात माझा पदर सोडायची नाही.

तिचं मला कळत होतं. आमच्या लहानपणी भीती मोठ्यांच्या ताब्यात असे. साखरेच्या डब्यामागे ठेवलेली. जेवत नाही म्हटलं की बाहेर काढायची, जेवलं की परत आत. बागुलबुवा आईच्या ओळखीचा होता, माझ्या नाही. अपवाद एकच रात्र, नरकचतुर्दशीच्या आधीची. आमच्या म्हापशात वाड्यावाड्यावरची पोरं लाकूड, गवत नि कागद जमवून नरकासुर उभा करायची; रात्रभर तो मिरवायचा आणि पहाटे जळायचा. त्याच्या जिभेकडे मी बघायची ती बाबांच्या खांद्यावर बसून. खाली उतरवलं की रडायची.

पहिली सहल शेतावरची. गवताच्या पेंढ्या रचलेल्या गाडीत बसायचं, ट्रॅक्टरने भोपळ्यांच्या मळ्यात न्यायचं, आणि आपला भोपळा आपण निवडायचा. नातवाने स्वतःपेक्षा मोठा धरला आणि तो जागचा हलेना. नातीने मुठीएवढा उचलला आणि घरी पोचेपर्यंत मांडीवरून सोडला नाही. मक्याच्या शेतात वाटा कापून केलेला चक्रव्यूह होता. लहानांसाठी वेगळा, आखूड. त्यात शिरताना मी नातवाला अभिमन्यूची गोष्ट सांगायला घेतली आणि शेवट आठवल्यावर मध्येच गिळून टाकली.

त्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करण्याचा माझा बेत पार फसला. कोरायला वाढवलेला तो भोपळा आतून पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा. गूळ घातला तर पीठ आवरेना. स्वयंपाकाचे भोपळे निराळे, लहान, गोड गराचे, हे मला नंतर दुकानात कळलं. पण बिया मीठ लावून भाजल्या, त्या मुलांनी संपवल्या. आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिकेचाच. आयरिश लोक पूर्वी सलगम कोरून त्यात निखारा ठेवत. समुद्र ओलांडून इकडे आल्यावर त्यांना हे मोठं, पोकळ, कोरायला सोपं फळ मिळालं. मलाही तसंच सोपं फळ मिळाल्यासारखं वाटलं होतं, फक्त मी कढईच्या बाजूने आले होते.

दुसरी सहल हडसन नदीच्या पलीकडे, स्लीपी हॉलोला. वॉशिंग्टन अर्व्हिंगने 1820 मध्ये छापलेल्या गोष्टीतलं हे खोरं. त्यात तोफगोळ्याने मुंडकं उडालेला एक हेसियन शिपाई रात्री घोड्यावरून स्वतःचं डोकं शोधत हिंडतो. गावाचं नाव पूर्वी नॉर्थ टॅरीटाउन. 1996 मध्ये तिथला मोटारींचा कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून गोष्टीतलं नाव घेतलं. पोट भरण्यासाठी भुताचं आडनाव लावणारं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. पोलिसांच्या बिल्ल्यावरसुद्धा तो बिनडोक्याचा स्वार आहे. जुन्या डच चर्चमागच्या दफनभूमीत अर्व्हिंग स्वतः निजलेला आहे, आणि मॅपलची पानं त्याच्यासकट सगळ्यांवर पडत होती.

पानांबद्दल नातवाने विचारलं, "आजी, ह्यांना रंग कोण लावतं?" जावयांनी त्याला सांगितलं की पिवळा आधीपासून पानात असतोच, वर हिरव्याचा थर असतो, दिवस लहान झाले की झाड हिरवं बनवायचं थांबवतं आणि खालचा पिवळा दिसू लागतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की चढतो. त्या ऑक्टोबरात पाऊस जवळजवळ नव्हताच. न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना तो. पायाखाली पानं पापडासारखी मोडत होती. नात मुद्दाम त्यांच्यावरूनच चालत होती, पदर न धरता.

संध्याकाळी जवळच्या क्रोटन-ऑन-हडसनला गेलो. व्हॅन कोर्टलँड मॅनर ह्या जुन्या वाड्याच्या आवारात 2005 पासून दर शरद ऋतूत भोपळ्यांची रोषणाई करतात; हाताने कोरलेले 7000 हून अधिक भोपळे. वेळ आधी ठरवून तिकीट काढावं लागतं. लहान मुलं असतील तर सगळ्यात आधीची वेळ घ्यावी असा लेकीचा शिरस्ता, आणि तो बरोबर आहे. नंतर भूत नाही, झोप मानगुटीवर बसते. इथे अंगावर कुणी धावून येत नाही. अंधार, वाट आणि दोन्ही बाजूंना उजळलेले सांगाडे, साप, कोळी. नात जावयांच्या खांद्यावर होती. एका भोपळ्याला तिने वरून जीभ काढून दाखवली. मी म्हापशाला होते.

आणि मग 31 ऑक्टोबर. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला. पहाटे उटणं लावून मुलांना न्हाऊ घातलं. चिरडायला कारीट कुठून आणणार? चेरी टोमॅटो घेतला. नातवाने अंगठ्याखाली तो असा फोडला की भिंतीवर शिंतोडे. कारीट आणि भोपळा एकाच कुळातले, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. सकाळी एक चिरडायचं, संध्याकाळी दुसऱ्यात दिवा लावायचा.

नातू अंतराळवीर झाला. नातीला भूतच व्हायचं होतं. पण पांढरी चादर डोक्यावर घेतली की ती टोचते म्हणून किंचाळायची. तेव्हा मला कपाटातलं आठवलं. कात्री लेक चालवेना, म्हणून मीच चालवली. डोळ्यांसाठी दोन भोकं, पायात अडकू नये म्हणून खालून वीतभर कापलं. त्या दिवशी अवेळी उकडत होतं; एरवी आया वेशावरून जाकीट चढवतात आणि सगळी भुतं फुगीर दिसतात, असं लेक म्हणाली. पातळ धोतर अगदी ऋतूला धरून झालं.

"आई, बाबांचा वास येतोय," लेक म्हणाली.

"हिंगाचा आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी दारोदार खाऊ मागायला निघालो. ज्या घराचा व्हरांड्यातला दिवा चालू, तिथेच जायचं. नातवाला शेंगदाणा चालत नाही, म्हणून तो आधी मोरपिशी भोपळा शोधतो. ज्या दारात तो असेल तिथे खाऊऐवजी रबरी कोळी किंवा पेन्सिल मिळते. 2014 पासून देशभर पसरलेली ही रीत मला सगळ्या झगमगाटापेक्षा आवडली. एका मुलाच्या ताटात काय नको, हे अनोळखी घराने आधीच विचारात घेतलेलं.

कोपऱ्यावरच्या घरी एक वयस्क बाई दारात आल्या. भूत बघून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने किंचाळल्याचं सोंग केलं. नात एकदम थबकली. मग तिने धोतर दोन्ही हातांनी वर उचललं आणि आतून त्यांना इंग्रजीत सांगितलं, घाबरू नका, मीच आहे. बाईंनी तिला दोन चॉकलेटं जास्त दिली.

घरी परतेपर्यंत एक आत वितळलं होतं. लोणच्याच्या डागाशेजारी दुसरा डाग पडला, तपकिरी. तो मी अजून धुतलेला नाही.