विलायतेतली पंगत

हॉटेलात जाऊन खाणे म्हणजे पैशाची उधळपट्टी, अशी आपल्या कष्टकरी घरांतून समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. रेशन, मुलांच्या शाळेची फी आणि दवाखाना भागवता भागवता पगार संपतो. बाहेरच्या खाण्याची चैन कुठून परवडणार? पण आपल्या समाजाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इतर गरिबांना बाहेरचे खाणे परवडत नव्हते. आपल्याला ते पैसे देऊनही मिळत नव्हते. गावच्या चहाच्या हॉटेलात आपल्या आजोबांची कपबशी वेगळी असे. ती बाहेर वळचणीला ठेवलेली. चहा प्यायचा, आपल्याच हाताने ती धुवायची आणि पुन्हा तिथेच उपडी घालायची. पाणी हवे असेल तर ओंजळ पुढे करायची, वरून कोणी ओतले तर प्यायचे. म्हणून चारचौघांच्या शेजारी बसून खाणे ही आपल्यासाठी नुसती चैन नाही. ती लढून मिळवलेली गोष्ट आहे.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आम्ही उभयता नुकतेच विलायतेला जाऊन आलो. आमची लेक तिकडे इस्पितळात परिचारिका आहे. तिच्या आणि जावयांच्या सुट्ट्यांच्या दिवशी आम्ही चौघे मिळून चार शहरे पायी फिरलो आणि खाल्ली.

तिकडे ‘फूड टूर’ नावाचा एक प्रकार आहे. दहा-बारा अनोळखी माणसे, पुढे एक वाटाड्या. दोन-तीन तास गल्लीबोळांतून चालायचे, पाच-सहा ठिकाणी थांबून थोडे थोडे खायचे आणि त्या पदार्थाची, त्या मोहल्ल्याची हकीगत ऐकायची. तिकीट भारी असते. लेकीने एकदा लंडनमध्ये हौसेने काढले. तेवढ्यावरून आम्हाला रीत कळली, आणि पुढच्या फेऱ्या आम्ही आमच्याच आखल्या. बसचा दिवसाचा पास, पायात मजबूत बूट, आणि एक ताट चौघांत.

लंडनची फेरी ब्रिक लेन या भागातली होती. तिथे कोपऱ्यावर एक विटांची जुनी इमारत आहे. १७४३ साली ती फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून पळून आलेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी चर्च म्हणून बांधली. पुढे ते मेथॉडिस्ट पंथाचे प्रार्थनागृह झाले, १८९८ साली ज्यूंचे सिनेगॉग झाले, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. जो जो निर्वासित आला त्याला त्या भिंतींनी आसरा दिला. खाण्याचेही तसेच. ज्यूंचा बेगल आजही तिथे मिळतो. हा कडबोळ्यासारखा गोल पाव. आधी उकळत्या पाण्यात टाकतात, मग भट्टीत भाजतात. मध्ये खारवलेले बीफ, मोहरीची झणझणीत चटणी आणि काकडीचे लोणचे. ज्याला बीफ नको तो मासा आणि मऊ चीज घेतो. आमच्या घोळक्यात दोघांनी हे घेतले, तिघांनी ते. कोणी कोणाच्या हातातल्या पावात डोकावले नाही. आमच्या देशात माणसाच्या डब्यात काय आहे यावरून त्याची किंमत ठरते, याची तेव्हा फार आठवण झाली.

त्याच रस्त्यावर पुढे बंगाली उपाहारगृहांची रांग लागते. विलायतेत ‘इंडियन’ पाटी असलेली पुष्कळ हॉटेले मुळात बांगलादेशातील सिल्हेटच्या लोकांनी चालवलेली. त्यांच्यातले पहिले कित्येक जण जहाजांवरचे खलाशी होते, इंजिनात कोळसा टाकणारे. इंग्रजांचा लाडका फिश अँड चिप्स घ्या. तळलेला मासा स्पेन-पोर्तुगालातून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी आणला. बटाट्याच्या फोडींसह तो विकणारे पहिल्यांपैकी एक दुकान ईस्ट लंडनमध्ये १८६० च्या सुमारास निघाले असे सांगतात. गिरणी-कारखान्यातल्या मजुरांचे ते स्वस्त जेवण. दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सगळ्यावर रेशन आले, पण गरिबांच्या या जेवणाला सरकारने हात लावला नाही. वरून मीठ आणि सिरका शिंपडून, कागदात गुंडाळून देतात. बाकावर बसून गरम गरम खाल्ला, आमच्या बोंबिलाची सर नाही, पण भुकेल्या पोटी छान लागतो.

दुसऱ्या दिवशी किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी गेलो. परमपूज्य बाबासाहेब १९२१-२२ साली तिथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आज तिथे त्यांचे स्मारक आहे. त्या पायऱ्यांवर उभे राहिलो तेव्हा बेगल आणि मासा दोन्ही घशाशी आले. ज्या शहरात आम्ही हौसेने पाच ठिकाणी खात हिंडलो, तिथे बाबासाहेबांनी दुपारचे जेवण टाळून दिवसभर ग्रंथालयात वाचन केले. रात्री भूक अनावर झाली की पापड भाजून त्यावर भागवले. चरित्रकारांनी हे लिहून ठेवले आहे. त्यांनी उपाशी राहून वाचले म्हणून आम्ही आज पोटभर खात फिरतो. कोणीही बौद्ध कुटुंब लंडनला गेले तर खाण्याच्या फेरीची सुरुवात या घरापासून करावी असे आम्हाला वाटते.

लंडनहून बर्मिंगहॅम. तिथली ‘बाल्टी’ प्रसिद्ध. नाव ऐकून आम्हाला न्हाणीतली बादली आठवली आणि खूप हसू आले. ही बाल्टी म्हणजे पातळ पोलादी कढई. पाकिस्तानी काश्मिरातून आलेल्या लोकांनी १९७० च्या दशकात हा प्रकार तिथे रुजवला. मोठ्या आचेवर झटपट शिजवायचे आणि त्याच कढईत टेबलावर आणायचे. काटा-चमचा नाही, हाताने नानचा तुकडा मोडायचा आणि बुडवायचा. नान केवढा? टेबलभर पसरतो, सगळे मिळून तोडून खातात. अशा पुष्कळ बाल्टीघरांत दारू मिळत नाही, त्यामुळे लेकरेबाळे, म्हाताऱ्या सगळे निवांत बसतात. आता अशी जुनी ठिकाणे कमी होत चालली आहेत.

बर्मिंगहॅमला लागूनच स्मेथविक नावाचे गाव आहे, ओतकाम कारखान्यांचे. पंजाबी मजूर तिथे भट्ट्यांवर राबायला आले. दिवसभर लोखंड वितळवून घाम गाळायचा आणि संध्याकाळी पबमध्ये गेले तर काळ्या कातडीच्या माणसाला चांगल्या खोलीत मज्जाव! ही त्यांची वळचणीची कपबशी. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतील निग्रो चळवळीचे नेते माल्कम एक्स तिथे आले. भारतीय कामगार संघटनेने त्यांना बोलावले होते. तिथल्या एका पबमध्ये त्यांनाही त्या खोलीत बसू दिले नाही. त्यानंतर नऊच दिवसांनी अमेरिकेत त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये कायदा झाला की हॉटेल, उपाहारगृह, पब अशा सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून कोणाला अडवता येणार नाही.

वाचक बंधुभगिनींनो, १९६५ हे साल ध्यानात ठेवा. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या मसुद्यातून घडलेली आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांची नावे घालून सांगितले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांना हे कायद्यात लिहायला आपल्यानंतर पंधरा वर्षे लागली. विलायतेतून परतताना आम्ही छाती फुगवून आलो ती या हिशोबाने.

आज स्मेथविक आणि वेस्ट ब्रॉमविचमध्ये कित्येक पबचे मालकच पंजाबी आहेत. ‘देसी पब’ म्हणून लोक दुरून ते बघायला येतात. ज्यांना खोलीबाहेर ठेवले त्यांचीच मुले आज गल्ल्यावर बसली आहेत. तडतडत्या तव्यावर कांद्याच्या फोडी, त्यावर कोंबडीचे तुकडे, शीग कबाब, मटणाच्या चापा आणि मासा. गोरे म्हातारे आणि पंजाबी म्हातारे एकाच तव्यातून उचलतात. आम्ही मात्र दारूला शिवलो नाही. पाचवे शील आम्ही घरी ठेवून गेलो नव्हतो. पबमध्ये दारू न घेता बसता येते का, असे अनेकजण विचारतात. खुशाल येते. लिंबू-सोडा मागा, संत्र्याचा रस मागा, कोणी भुवई उंचावत नाही. तिथल्या कामगारवर्गातही दारूविरुद्ध मोठी चळवळ होऊन गेली आहे. १८३२ साली प्रेस्टन गावात जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सोबत्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. पुढे गिरणगावांतून दारूविना चालणारे गुत्ते निघाले. मँचेस्टरचे व्हिम्टो हे सरबत १९०८ साली त्याच वाऱ्यात जन्मले. दारूने कामगाराचा संसार कसा धुऊन निघतो हे आपल्या मायबहिणींना कोणी शिकवायला नको.

आणि पाणी! इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० सालापासून नियम आहे की दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी ग्राहकाने मागितले तर नळाचे पिण्याचे पाणी फुकट द्यायलाच हवे. आम्ही मागितले. एका गोऱ्या पोरीने काचेचा स्वच्छ ग्लास भरून, हसून हातात दिला. तिच्यासाठी ते रोजचे काम. आमच्या डोळ्यांपुढे मात्र २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे उभे राहिले.

लेस्टर शहराची गोष्ट आणखी निराळी. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की कृपा करून आमच्या शहरात येऊ नका. लोक आले. आज त्याच शहरातील बेलग्रेव्ह रोडवर फरसाण, ढोकळा, मिठाईची दुकाने ओळीने आहेत, आणि शहर त्या रस्त्याची मिरवून जाहिरात करते.

सारेच गोड होते असे मात्र नाही. एका ठिकाणी, गावाचे नाव सांगत नाही, शेजारच्या टेबलावर मराठी कानी पडली. आनंद झाला, टेबले जोडली. फोन नंबर द्या-घ्यायचे ठरले, घरी येण्याचे आमंत्रण झाले. मग त्या गृहस्थांनी विचारले, “गाव कुठलं म्हणालात?” गाव सांगितले. “हो, पण आडनाव?” लेकीने आडनाव सांगितले आणि पुढे म्हणाली, “आम्ही बौद्ध आहोत. काका, भजी घ्या ना, गार होतायत.” त्यांनी एक भजे घेतले, नाकारले नाही. पण बोलणे एकदम हवापाण्यावर घसरले, आणि फोन नंबर काही मिळाला नाही. सात समुद्र ओलांडून माणूस गेला तरी आडनावाची चौकशी त्याच्या पेटीत असतेच. जातिभेदाचे नाव कायद्यात घालण्याची तरतूद ब्रिटिश संसदेने २०१३ साली केली होती. २०१८ साली तिथल्या सरकारने ती अंमलात न आणण्याचे ठरवले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्धविहारात पंजाबी आंबेडकरी बांधव भेटले. ते म्हणाले, “आमच्या वडिलांना गोऱ्यांनी रंगावरून बाहेर ठेवले आणि आपल्याच माणसांनी जातीवरून.” त्यांच्याबरोबर मग जमिनीवर बसून डाळ-रोटी खाल्ली. साऱ्या सफरीत पोटाला लागलेले जेवण तेच.

जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. दुपारी जा, ताट बहुधा स्वस्त पडते. एक-एक पदार्थ मागवून वाटून खा. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला असेल तर तो ऐच्छिक आहे का ते विचारा. पण परवडत असेल तर कापू नका. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदा आहे की बक्षिसीची सारी रक्कम कामगारांनाच मिळाली पाहिजे, मालकाने त्यातले काही ठेवायचे नाही. भांडी घासणारे हात कोणाचे असतात हे आपल्याला माहीत आहे.

आणि विलायत कशाला? आपल्याही शहरात बुद्धपौर्णिमेला, लेकराच्या निकालाला, वर्षातून एकदा का होईना, सहकुटुंब हॉटेलात जावे. कोपरा न धरता मधल्या टेबलावर बसावे. आजीला पदार्थ निवडू द्यावा, आईला त्या दिवशी वाढायचे काम नको. वेटरला ‘अरे’ म्हणू नये. पाणी मागावे. आणि आजोबांच्या त्या वळचणीच्या कपबशीची गोष्ट पोरांना तिथेच, खाता खाता सांगावी.

जयभीम!