मॅडिसनच्या दरीतील चांदणी रात्र

१७ ऑगस्ट १९५९. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेस, मॅडिसन नदीची अरुंद दरी. सुट्टीचा हंगाम ऐन भरात होता. नदीकाठच्या रॉक क्रीक तळावर कुटुंबे तंबूंत आणि ट्रेलरांत निजली होती. चंद्र जवळजवळ पूर्ण होता.

रात्री ११ वाजून ३७ मिनिटांनी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन एवढी सरकली की हेब्गेन आणि रेड कॅन्यन या भ्रंशांवर काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत उंचीचे नवे कडे उभे राहिले. हेब्गेन जलाशयाचे अवघे खोरे कलले. उत्तरेकडचा काठ पाण्याखाली गेला, त्याच्या कडेचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी जलाशयात कोसळला आणि दक्षिणेकडचा काठ कोरडा पडला.

परंतु त्या रात्री माणसे मारली ती मुख्यतः डोंगराने.

दरीच्या दक्षिण उतारावर ठिसूळ, झिजलेल्या शिस्ट आणि नाइस खडकांचा मोठा भार होता. पायथ्याशी डोलोमाइटची एक भक्कम भिंत होती आणि तिनेच तो भार थोपवून धरला होता. हादऱ्याने ही भिंत फुटली. सुमारे ८ कोटी टन दगडमाती एका मिनिटाच्या आत खाली आली, नदी ओलांडून समोरच्या उतारावर चढली आणि तळाचा मोठा भाग तिने गाडून टाकला. दरड खाली येताना तिच्यापुढे दाबल्या गेलेल्या हवेचा झोत असा होता की त्याने माणसे फेकली आणि मोटारी लोटल्या. ‘भूकंपाचे बळी’ हा शब्दप्रयोग अशा वेळी फार ढोबळ वाटतो. त्याच रात्री, त्याच हादऱ्यात यलोस्टोनमधील ओल्ड फेथफुल इनची धुराडी भोजनगृहावर कोसळली. त्या अवेळी भोजनगृह रिकामे होते आणि उद्यानाच्या हद्दीत कोणीही दगावले नाही. तंबू डोंगराच्या कोणत्या बाजूला ठोकला, एवढ्यावर आयुष्य ठरले.

वाचलेल्यांची कोंडी तर याहून विलक्षण होती. खाली दरडीने नदी अडवल्याने पाणी चढत होते. वर १९१४-१५च्या सुमाराचे हेब्गेन धरण होते, मातीचे आणि पोटात काँक्रीटची भिंत असलेले. जलाशय परातीतल्या पाण्यासारखा हिंदकळत होता आणि त्याच्या लाटा धरणावरून किमान चार वेळा ओसंडल्या. धरणाला तडे गेले, पण ते टिकले. (आठच वर्षांनी, डिसेंबर १९६७ मध्ये, कोयनेच्या धरणालाही भूकंपाने असेच तडे गेले आणि तेही टिकले. दोन्ही धरणांची बांधणी मात्र अगदी निराळी.) दरीत अडकलेल्यांना मात्र हे ठाऊक नव्हते. धरण फुटणार, अशा समजुतीने खालच्या एनिस गावातले लोकही रात्रीच घरे सोडून निघाले.

सुमारे अडीचशे माणसांनी दरीतल्या एका उंच जागेवर रात्र काढली. पुढे तिला ‘रेफ्यूज पॉइंट’ म्हणू लागले. सकाळी स्मोकजंपर, म्हणजे वणवे विझवण्यासाठी विमानातून हवाई छत्रीने उतरणारे जवान, तेथे मदतीला उतरले. नंतर हेलिकॉप्टरे आली.

मृतांची मोजणी हा या घटनेचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. अशा तळांवर कोण उतरले याची नोंद ठेवली जात नव्हती. तेव्हा ‘आमची माणसे परतली नाहीत’ असे कळवणाऱ्या नातेवाइकांच्या चौकशांतून यादी जुळवावी लागली. अंतिम आकडा २८. त्यांपैकी दोघे क्लिफ लेकपाशी घरंगळत आलेल्या शिळेखाली दगावले. १९ जणांचे देह सापडलेच नाहीत. अभिलेखागारातली कागदपत्रे जेथे मुकी असतात तेथे इतिहासकारालाही असेच दुसऱ्यांच्या प्रतीक्षेवर विसंबावे लागते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दरडीमागे तीनेक आठवड्यांत नवे तळे भरत आले. ते दरडीवरून वाहू लागले असते तर सैल माती झपाट्याने कातली जाऊन खालच्या गावांवर पूर आला असता. सैन्याच्या अभियंत्यांनी रात्रंदिवस यंत्रे चालवून दरडीच्या माथ्यावरून सांडवा खोदला. १० सप्टेंबरला पाणी त्यातून वाहू लागले, आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत तो आणखी खोल करण्यात आला.

त्या तळ्याला आज ‘क्वेक लेक’ म्हणतात. बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे पाण्यातून अजून वर डोकावतात. दरडीबरोबर आलेल्या एका प्रचंड डोलोमाइट शिळेवर २८ नावांचा फलक आहे.