अंगावरून जातंय

आमच्या ओपीडीत सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बहुधा शेवटी येतं. कंबर दुखते, भूक मेली आहे, झोप लागत नाही, असं सगळं सांगून होतं. सोबतचा मुलगा केसपेपर घेऊन बाहेर पडतो, दार लागतं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाई हळूच म्हणते, “डॉक्टरीणबाई, अंगावरून जातंय.” कधीपासून? “दिवाळीपासनं.” कुठली दिवाळी, हे मात्र विचारून घ्यावं लागतं.

मी बायकांच्या कॅन्सरची डॉक्टर. शिकताना मला भूल पडली ती शस्त्रक्रियेची. गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, तोंडाच्या कॅन्सरसाठी व्हिएन्नाच्या वेर्थाइमने १८९८ मध्ये सुरू केलेली मोठी शस्त्रक्रिया अजूनही, बऱ्याच सुधारणांसह, आमच्या हातात आहे. ओटीपोटात खोलवर गर्भाशयाची रोहिणी आडवी जाते आणि तिच्या खालून मूत्रवाहिनी. पुलाखालचं पाणी, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. ती नाजूक नळी सोडवताना थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. ती शांतता मला फार आवडते.

पण दिवाळी मोजत आलेल्या बाईला या कौशल्याचा उपयोग नसतो. रोग पिशवीच्या तोंडापासून बाजूला सरकला की मग किरणोपचार आणि किमो. खरं तर हा रोग घाईचा नाही. तो ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग रेंगाळला तरी त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढी वर्षं तो आपली वाट पाहतो, आणि आपण तपासणीला जात नाही.

वेळेत तपासलं तर जीव वाचतो, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. ज्या गटाला फक्त माहिती देऊन नेहमीच्या उपचारांवर सोडलं होतं, त्यात ६४. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखेच. अभ्यास मोलाचा, तरी त्या चौसष्टजणी माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुलनेसाठी कुणाला तरी तपासणीविना ठेवावं लागतं, हे शास्त्र मला कळतं, पटत नाही.

आणि शेजारच्या बीडमध्ये? ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी तरुण बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. “नाही काढली तर कॅन्सर होईल,” असं त्यातल्या अनेकींना सांगितलं गेलं होतं. जिला तपासायला हवं तिला कुणी तपासत नाही, आणि जिला काही झालेलं नाही तिला माझ्या रोगाची भीती घालून टेबलावर घेतात. हा निव्वळ धंदा आहे.

म्हणून सांगते. घरात तिशी ओलांडलेली बाई असेल, तर काही होत नसतानाच तिला तपासणीला न्या. ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात ती सोय आहे. कुणी लगेच पिशवी काढा म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आणि पाळी गेलेल्या बाईला एकदा जरी डाग लागला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. दिवाळीची वाट पाहू नका.